ओढा, फुंकू नका

८ जानेवारी
आले एकदाची नवा रायपुरात! रस्ते एवढे रुंद की ओलांडता ओलांडता भूक लागावी. बायपास झालेल्या अनंतरावांकडेच माझा मुक्काम. मी फिजिओथेरपिस्ट, त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे, म्हणजे फुप्फुसात कफ साचत नाही. त्यांचा मुलगा, पराग, ऑफिसच्या कामाने दिल्लीत. अनंतरावांच्या पत्नी गोदावरीकाकूंनी आल्या आल्या गरम चीला, म्हणजे इथलं तांदळाचं धिरडं, वाढला, आणि नको म्हणेपर्यंत दुसरा. त्यांचा पोपट मला दीदी म्हणतो. लाड आहेत बुवा माझे!

१० जानेवारी
श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रात तीन बॉल असतात. नळीतून श्वास आत ओढला की ते वर चढतात. अनंतराव उलटे फुंकतात. सगळेच पेशंट आधी फुंकतात, पण यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. खोकताना छातीशी उशी आवळायला मात्र लगेच शिकले. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मले ओढाले लावू नको, पोरी. काहून ऐकून नाही राहिली?" ऑपरेशनच्या टेबलावर जीव गेला होता, परत येताना सोबत काहीतरी आलं, म्हणे. भूल उतरताना माणसं काहीही बरळतात. मीही हट्टाला पेटले आहे.

१२ जानेवारी
ओढला! एक बॉल चढला, मी टाळ्या वाजवल्या. अजून, अजून म्हणत दुसराही चढवला. म्हातारबुवा मात्र हुंदके देत होते.
दुपारी पोपट मेलेला सापडला. छाती आत चेपलेली, चोचीत रक्त. मांजराचं काम म्हणावं, तर पिंजरा बंद होता. काकूंचं रडणं बघवेना.

१४ जानेवारी
संक्रांत. काकू तिळाचे लाडू वळत होत्या, समोर अनंतरावांचा व्यायाम चालला होता. तिसरा बॉल चढला, तशा काकू वाकल्या. उतरला, तशा सरळ झाल्या. पुन्हा चढला आणि काड्‌कन आवाज आला. काकूंची बरगडी. लाडवांवर रक्त ओकल्या.
मी यंत्र हिसकावलं. अनंतरावांनी माझं मनगट पिरगाळून परत घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हते.
पराग फोनवर हिंदीत म्हणाला, ॲम्ब्युलन्स बोलवा, पण पप्पांचा व्यायाम चुकवू नका. मूर्ख! ॲम्ब्युलन्स बोलावली आहे.

तासाभराने. मोबाइलवर लिहितेय
ॲम्ब्युलन्स अजून नाही. मी यंत्र फोडलं. त्याशिवायही ओढतात. अनंतराव काकूंकडे वळले, तेव्हा मध्येच म्हणाले, "मार मले." मी वरवंटा घातला. छातीवरच.
टाके उसवले. ते पडले नाहीत. आता तोंडाने नाही— त्या फटीतून ओढतंय. अनंतराव त्यात उरलेत का, कळत नाही.

बाथरूममध्ये. कडी लावली
काकू मांडीवर. ओठ निळे. त्यांच्या तोंडात फुंकतेय. छाती हलते— थांबते— पुन्हा फुंकते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तरी—
म्हातारा फुंकत होता तेच बरोबर होतं. मी ओढायला लावलं. मी.

दाराखालून वारा बाहेर चाललाय. माझी ओढणी फटीकडे—

काकूंनी डोळे उघडले! जिवंत आहेत. फुंकते—
पण मला— माझी बरगडी—
बाहेर टाळ्या वाजतायत. माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणतंय, अजून, अजून, अ—