म्हातारीची पावलं

आईला तोक्योहून तुझ्या तोमिएचा नमस्कार.

मुळ्याचं लोणचं पोचलं, अर्धं संपलंही. मी ठणठणीत आहे.

कामावर भांडण झालं, ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. कार्टूनच्या सिनेमात एक म्हातारी शेतावर जाते. पडद्याकडे बघत तिच्या पावलांचा आवाज मी काढायचा. दिग्दर्शक कुसाका म्हणाला, "काकू, ऐंशीची आहे ती. पाय ओढत चालू द्या."

मी म्हटलं, "म्हातारी कधी बघितलीस का रे? माझी आई ऐंशीचीच आहे. चढावर मलाच मागे टाकते."

"जमत नसेल तर राहू द्या. टेपवरचा तयार आवाज लावतो."

"लाव. आणि माझं नाव काढून टाक."

मग तुझ्या जुन्या खडावा घातल्या, डावीकडे झिजलेल्या त्याच, आणि दगडी लादीवर तुझ्यासारखं चालून दाखवलं. खट, खटक, खट.  शेवटी कुसाका म्हणाला, "म्हातारी भलतीच तापट दिसते." तोच आवाज ठेवलाय.

तुझा लेक शिगेओ लिहितो, पडल्यापासून तू पाय ओढतेस. त्याला काय ऐकू येतं? लहानपणी त्याला हाका मारून माझा घसा बसायचा. खरंच पाय ओढतेस का गं? काठी घे, त्यात लाज कसली. पण पाऊल उचलून टाक.

पितरांच्या सणाला येईन तेव्हा फाटकाशी डोळे मिटून उभी राहीन. तू अंगणातून चालत ये. त्या कुसाकासमोर मी छातीठोक बोलले आहे, मला खोटं पाडू नकोस.

तुझी भांडकुदळ लेक,
तोमिए