टाकी सगळ्यात शेवटी

सोमवार
पोचलो एकदाचे! खोली लहान, पण भिंती कोरड्या, आणि खिडकीतून माझं पंपघर दिसतं. सगळी वस्ती खोलगटात. झिरपणारं पाणी पंप उपसून बाहेर टाकतो, म्हणून माणसं इथं राहू शकतात. पंप ओढणारं डिझेल इंजिन माझ्या बापाच्या वयाचं, पण एका हँडलात सुरू झालं पठ्ठं. बायको ओली बाळंतीण. तिला खाटेवर टेकवलं, बाळ झोपलंय. ती अजून धुसफुसतेय. ही इंजिनावरची नोकरी आधी तिच्या भावाची होती. हिवाळ्यात तो कोणाला न सांगता पळून गेला म्हणतात, तिला ते पटत नाही. मी म्हटलं, त्याच्या कृपेने मला नोकरी तरी लागली. त्यावर जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

पंपघराच्या राखणदाराला सगळे सुभेदार म्हणतात. इंजिनाशेजारी आयुष्य गेलं, कान ठार बंद. काहीही सांगा, हसून मान डोलावतो. नाद एकच: झाकण उघडं दिसलं की लावायचं, वर पान्याने आवळायचं. डबा असो की जमिनीत पुरलेली डिझेलची खोलीएवढी टाकी. डिझेलात धूळ गेली की संपलं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. आमची गट्टी जमणार.

मंगळवार
इंजिन धापा टाकत बंद पडलं. डिझेलच्या लायनीत हवा. आमच्या धंद्यात क्रम ठरलेला: आधी फिल्टर, मग पाइप, मग जोडांचे वायसर, टाकी सगळ्यात शेवटी. फिल्टर बदलला, हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत इंजिनावरचा छोटा हातपंप मारला. चालू झालं. हुश्श!

बुधवार
परत तेच. जुना पाइप काढून पारदर्शक नळी घातली, म्हणजे हवा दिसेल. दिसली. बुडबुडे सलग येत नाहीत. येतात, थांबतात. येतात, थांबतात. झोपलेल्या बाळाची छाती हलते ना, तसंच. सुभेदाराला दाखवलं. तो हसला.

गुरुवार
वायसर नवे टाकले. जोड कोरडे ठाक. तरी हवा! पाणी आमच्या उंबऱ्याशी आलंय. दोघांना उचलून न्यावं तर बाहेरची वाटच बुडालीय. डोकं चालेनासं झालंय. टाकीच्या झाकणाला कान लावला. इंजिन बंद होतं, तरी आत कोणीतरी— बायकोला सांगितलं नाही.

शुक्रवार
टाकीच उरली. आत उतरून पाइपाच्या टोकाची जाळी बघतो. झाकण लावू नकोस, सुभेदाराला खुणा करकरून सांगितलं. हसला, मान डोलावली. खाटेचे पाय पाण्यात आहेत. देवा, इंजिन तेवढं चालू दे.

शुक्रवार, टाकीत
वही खिशातच होती, विजेरीही. शिडीवर बसून लिहितोय.

जाळीवर तोंड होतं. अंगात बायकोनेच विणलेला स्वेटर. तिचा भाऊ. पळाला नव्हता. दोन्ही हातांनी पाइप धरलेला, ओठ जाळीला. कधीचा मेलेला, तरी फुंकत होता— इंजिन बंद पडावं, कोणीतरी यावं, झाकण उघडावं म्हणून. आणि मी फिल्टर बदलत बसलो.

ओढून बाजूला केला. तेवढ्यात वरचा उजेड गेला. पाना फिरल्याचा आवाज.

मग इंजिन. झकास चालतंय. सुभेदार खूश असेल. ओरडून घसा फाटला माझा—

पाणी उतरत असेल. बाळ वाचेल.

वासाने गरगरतंय. ही म्हणेल, हाही पळाला.

फुंकलं तर इंजिन थांबेल, कोणीतरी येईल. पण ते फिल्टरपासून सुरू करतील. टाकी सगळ्यात शेवटी. तोवर पाणी खाटेवर— नाही. मी नाही फुंकणार.

तो सरकतोय. पाइपाकडे. एका हाताने धरलाय त्याला. अरे, तुझी बहीण आहे रे तिथं, तुझा भाचा— ऐकत नाही—

ओठ टेकले. दोन्ही हात लावतो, वही