उघडं झाकण

३ मार्च
ऑफिसातल्या नव्या धाकटीनं शोधलं! मी आठ महिने शोधत होते, ती विभागात येऊन नऊ दिवस झालेत!
आमच्या कंपनीचा नवा लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला की सकाळपर्यंत बॅटरी अर्धी व्हायची. झोपेतही कोणीतरी वीज खात होतं. कोण, तर बोटाचा ठसा वाचणारी टिचभर पट्टी. बाकी सगळे भाग झोपायचे, ती एकटी टक्क जागी. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपवणारा माझा प्रोग्राम धाकटीनं बदलला आणि त्या पट्टीलाही झोपवलं.
साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात नजर!" मग मी काय आठ महिने डोळे मिटून बसले होते?
वर गोड बोलते. "ताई, तुमच्याच नोंदींवरून सापडलं." अगं, मग मला का नाही सापडलं!

५ मार्च
माझ्यासाठी मनगटाचा पट्टा घेऊन आली. टाइप करून डावं मनगट ठणकतं — घरी कुणाच्या लक्षात आलं नाही, हिच्या आलं. "माझ्या आईला गुण आला, ताई." आत म्हणे लोहचुंबक असतात. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मऊ आहे. घातला.

१० मार्च
रोजचं काम डेस्कटॉपवर; आज चाचणीचा लॅपटॉप घेतला, तर माझ्या हाताखाली झोपला! वाक्य अर्धं, स्क्रीन काळी. तीनदा. नोंद पाहिली — 'झाकण मिटलं.' झाकण सताड उघडं, आणि हा म्हणतो मिटलं!
झाकणाच्या प्रोग्रामला हात कोणी लावला? तिनं.
खरं लिहू? बरं वाटलं.

११ मार्च
तिच्यासमोर होतच नाही. अर्धा तास बसून टाइप करत होती. "ताई, माझ्याकडून तर एकदाही नाही झालं." म्हणजे मी खोटारडी? मी बसले. दोन मिनिटांत झोपला. तिचं तोंड एवढंसं झालं.
घरी नवरा म्हणतो, "झोपवायचाच पगार मिळतो ना तुला? मग झोपला तर रडतेस कशाला?" हसले नाही.

१४ मार्च
साहेबांना सांगून आले. काम कच्चं आहे, घाई केली, गिऱ्हाइकापुढे असं झालं तर? त्यांनी तिचा प्रोग्राम काढायला सांगितला. तिलाही. सोमवारपासून ती माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांत. नोकरी अजून कायम नाही तिची. आता होईलसं वाटत नाही.
जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "ताई, कारण तरी शोधू द्यायचं होतं मला." मी मान वर केली नाही.

१७ मार्च
माझा जुना प्रोग्राम परत चढवला. तिची एक ओळ नाही त्यात. हात टेकले.
झोपला.
नोंद तीच. झाकण मिटलं.
झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात इवलासा चुंबक असतो. तो खाली कळफलकाशी आला की लॅपटॉप समजतो, मिटलं. वीस वर्षं हे मी नव्या मुलांना शिकवते आहे. मी!
पट्टा काढला — जागा. घातला, मनगट टेकलं — झोपला. काढला. घातला. सात वेळा. आठव्यांदा धीर झाला नाही.

१८ मार्च
दहा वाजता साहेबांना सगळं सांगायचंय. त्याआधी तिला फोन लावला. वाक्य जुळवून ठेवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "ताई! मनगट कसंय?"