हमिंगबर्ड महोत्सवाचा भावी अध्यक्ष

१ ऑगस्ट, गुरुवार

सायकमोर बेंड अभयारण्याच्या ऑफिसात महोत्सवाची मीटिंग. ओपलला गाडीनं घेऊन गेलो. तिथल्या कार्पेटला ओल्या कुत्र्याचा वास येतो, आणि केंटकीच्या या उकाड्यात तो वास माणसाच्या मागे घरापर्यंत येतो.

वांडाबाईंनी जाहीर केलं: गुडघे गेले, यंदाचा महोत्सव झाला की अध्यक्षपद सोडते, नवा अध्यक्ष त्याच दुपारी तंबूत निवडू. सगळ्यांनी एकदम आमच्या बाजूला पाहिलं. ओपल लाजून लाल झाली. नवऱ्याचं कौतुक बायकोला झेपत नाही.

मी नम्रपणे छताकडे पाहिलं. हपापलेपणा बरा दिसत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम, त्या टोप्या बंद. साठी उलटलेली माणसं डोक्यावर स्प्रिंगला लावलेले प्लॅस्टिकचे हमिंगबर्ड डुलवत फिरतात. आज चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर पाद्रीसाहेबांनीसुद्धा तीच टोपी घालून महोत्सवाची जाहिरात केली. शिसारी आली.

आणि तो हमिंगबर्ड केक! केळं, अननस आणि अक्रोडासारख्या पेकानचा लगदा, वर क्रीम चीजचं लिंपण. पक्ष्याशी काडीचा संबंध नाही. आज चर्चमध्ये वाटत होते. दोन तुकडे खाल्ले, तेही नीट मत बनवता यावं म्हणून.

ओपलला समितीवाल्यांचे फोनवर फोन. माझा अंदाज घेताहेत. ओपलला म्हटलं, सांग त्यांना, तो विचार करतोय. ती म्हणाली, "वेंडल, मला तुझ्याशी जरा बोलायचंय." म्हटलं, निवडणुकीनंतर.

१० ऑगस्ट

घर चिकट झालंय. ओपल महोत्सवात पक्ष्यांना पाजायला साखरपाणी उकळतेय. एक कप साखर, चार कप पाणी. ओट्यावर मुंग्या. माझ्या चष्म्याला साखर. दाराच्या मुठीला हात लावला की सुटत नाही. किळस येते.

आणि इतकं करून ते पाणी पांचट! या पक्ष्यांना मेक्सिकोच्या पलीकडे उडत जायचंय. कोणीतरी त्यांच्या पोटाचा विचार नको का करायला? गॅरेजमध्ये स्वतःचं मिश्रण केलं. चक्क पाक. वर भरपूर लाल रंग, म्हणजे लांबून दिसेल.

ओपल म्हणाली, "रंग त्यांना बाधतो. आणि असल्या पाकावर गांधीलमाश्या येतील. फेकून दे." फेकतो म्हटलं. कधी, ते तिनं विचारलं नाही.

१९ ऑगस्ट

भाषण तयार. ओपलला गाडीत वाचून दाखवलं. घर येईस्तोवर संपलं नाही, म्हणून दारात गाडी उभी करून उरलेलं वाचलं. तिचं म्हणणं, "यात पक्षी कुठायत? सगळा तूच आहेस." भाषणकला तिला कळत नाही. नंतर म्हणाली, "वेंडल, ते अध्यक्षपदाचं..." म्हटलं, काळजी करू नकोस, घरी मी पूर्वीसारखाच वागेन.

ती बराच वेळ गाडीतच बसून राहिली. भारावली असणार.

२४ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ७

मोठा दिवस. इस्त्रीचा शर्ट. ओपल पहाटेच गेली, वांडाबाईंनी न्यायला गाडी पाठवली होती. तिला का पाठवली, मला का नाही? विसरल्या असतील. पाकाची बाटली सीटखाली लपवून निघालो.

२४ ऑगस्ट, दुपारी १२

तुफान गर्दी. घाम, सनस्क्रीन, तळलेलं मक्याचं पीठ, त्यात फिरत्या संडासांकडून येणारा वारा. सगळे माना वर करून एकच वाक्य बोलतात: "अय्या, किती चिमुकला!" चिमुकला म्हणे. ते पक्षी दिवसभर एकमेकांच्या छाताडावर चोची रोखून भांडतात, अगदी आमच्या समितीसारखे.

माझी बाटली मी स्टेजजवळच्या फांदीला टांगली. पक्षी एकही नाही. गांधीलमाश्या मात्र ढगासारख्या आल्या, आणि पाक संपल्यावर शेजारच्या केकच्या टेबलावर उतरल्या. आरडाओरडा. पाद्रीसाहेबांच्या कानाला डंख. टोपीतल्या बाया टोप्यांनीच माश्या हाणत होत्या. (टोपीचा एवढा एकच उपयोग आज दिसला.)

वांडाबाई काठी टेकत आल्या. "ही लाल बाटली कोणी लावली?" मी म्हटलं, चौकशी समिती नेमा. त्यांनी माझ्या लाल बोटांकडे पाहिलं. म्हणाल्या, "वेंडल, बाळा, तू तिकडे लांब डॉक्टर लंडीकडे जा बरं. तिला माणूस हवाय." म्हणजे मोक्याच्या जागी.

२४ ऑगस्ट, दुपारी ४



डॉ. लंडी जाळीत हमिंगबर्ड पकडते, पायात केसाएवढं नंबराचं कडं घालते आणि सोडून देते. सोडायला एखाद्याचा तळहात घेते. मला म्हणाली, "हात सपाट ठेवा. बोटं मिटू नका. त्याचा तो उडेल." ठेवला. नको म्हणायची सोय नव्हती, लोक बघत होते.

वजनच नव्हतं. नुसती ऊब. आणि तळहाताला एक बारीक घरघर, इवल्या मोटारीसारखी. लंडी म्हणाली, "हृदय आहे ते."

उडाला नाही. पडून राहिला. इतक्यात तंबूतून भोंगा वाजला: अध्यक्ष निवडतोय, ज्यांना काही बोलायचंय त्यांनी पुढे या. भाषण खिशात. लंडीला डोळ्यांनी खुणावलं. ती कुजबुजली, "दमलाय बिचारा. हलू नका." हात झटकला असता तर धावत पोचलो असतो. माझा आवाज मोठा आहे, तिथूनसुद्धा ओरडता आलं असतं.

हललो नाही. का, ते सांगता येत नाही.

तंबूत टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या. मग पक्ष्यानं माझ्या हातावर घाण केली आणि गेला.

तंबूत पोचलो तर स्टेजवर ओपल. डोक्यावर ती टोपी. एकमतानं अध्यक्ष.

२५ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेलो नाही. पोट बिघडलंय.

ओपल म्हणाली, "किती वेळा सांगायला आले. तू ऐकलंस कधी?" मग म्हणाली, "लंडी सांगत होती, तू हात जराही हलवला नाहीस." मी म्हटलं, विषय बदलू नकोस. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. साखरेचा हात. शर्ट पुन्हा धुवायला टाकला.

विचार केला तर हे बरंच आहे. अध्यक्ष ती, सूत्रं माझ्याकडे. तिला तसं सांगितलं. हसत सुटली. हुंदका असू शकेल, पाठमोरी होती.

२७ ऑगस्ट, मंगळवार

ठरलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. नवरा-बायको एकाच समितीत म्हणजे घराणेशाही. उद्या राजीनामा देणार. समितीचं धाबं दणाणेल. दोनदा आग्रह होऊ देईन, तिसऱ्यांदा विचार करीन.

२८ ऑगस्ट, बुधवार, दुपारी ४:४०

गाडीत बसून लिहितोय.

मीटिंग सुरू झाल्याझाल्या उभा राहिलो. म्हटलं, जड अंतःकरणानं समितीचा राजीनामा देतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, धक्का बसला. वांडाबाईंनी शेजारणीला विचारलं, "कशाचा राजीनामा म्हणतोय?" मग माझ्याकडे वळून, फार मायेनं, "अरे वेंडल, तू समितीवर होतास कधी? तू ओपलला सोडायला येतोस ना? बाहेर ऊन असतं म्हणून आत बसतोस, असंच आम्ही समजत होतो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. ओपल टेबलाकडे बघत होती. एवढी वर्षं मी हात वर करून मतं दिली, ती कोणी मोजलीच नव्हती.

म्हटलं, मग ठीक आहे. आणि बाहेर आलो.

फार उकडतंय. एसी लावायला गेलो तर किल्ली आत टेबलावर राहिलीय. आत पाऊल टाकणार नाही. माणसाला काही मान असतो.

४:५५

आत जाऊन किल्ली आणली. कोणी वर पाहिलं नाही.