तिसरं पाकीट

हिल्डेसहाइम, २४ मार्च २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

माझं मागचं पत्र लाल शाईने रंगून परत आलं. सतरा चुका! लहानपणी तुमच्या मराठीला मी जपानीत उत्तरं द्यायचे, त्याचा सूड उगवताय ना? उगवा.

परवा इथे बावीस मार्च होता. १९४५ साली याच दिवशी बाँबहल्ल्यात वीसेक मिनिटांत हे गाव जळून गेलं. त्या आठवणीसाठी चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा आमच्या घरमालकीणबाई पायरीवर उभ्या राहून रडत होत्या. मी जवळ गेले, तर डोळे पुसत म्हणाल्या, उद्या कागदाचा डबा बाहेर ठेवायचाय, विसरू नकोस. असं हे गाव आहे बघा. मायाही करेल, पण कचरा वेगळा केल्यावर! अगदी आपल्या कोबेसारखं.

चौकात खाटकांच्या संघाची उंचच उंच लाकडी इमारत आहे, पाचशे वर्षांपूर्वीची. म्हणजे दिसते तशी. मूळची जळाली. त्या जागी हॉटेल झालं, ते लोकांना बघवेना, म्हणून ते पाडून चाळीसेक वर्षांपूर्वी पुन्हा जुनीच उभी केली. आम्ही जुनी लाकडी चित्रं दुरुस्त करायला शिकणारी मुलं तिच्यासमोर, ही खरी की खोटी यावरून, तासन् तास भांडतो.

आता मुद्द्याचं. एप्रिलअखेर तिकडे गोल्डन वीकची सुट्टी असते, तेव्हा दहा दिवस घरी येऊ का? सहा मेची परीक्षा पुढे ढकलून मिळेल. आईला फोनवर विचारलं, तर म्हणते बाबांना विचार. घशाच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला बोलायला मनाई, व्हिडिओवर यायला तुम्ही तयार नाही. मला तुम्हाला बघायचंय हो. नुसतं 'ये' लिहा, मी निघते.

चुका पोटात घाला, लोभ मात्र मोकळा ठेवा.
तुमची ओवी

कोबे, ५ एप्रिल २०२४

ती. अनघाताईंस,
उल्काचा सा. न. वि. वि.

ताई, तुमच्या भावाचं काही खरं नाही. गाठ घशातून फुप्फुसात उतरली आहे. डॉक्टर जूनपर्यंत म्हणतात. आवाज तर गेलाच, आता पाटीवर दोन शब्द लिहिले तरी हात थरथरतो.

ओवीला अजून काही कळवलेलं नाही. यांचीच शपथ आहे, तिचं वर्ष बुडता कामा नये. जानेवारीत हातात जोर होता तेव्हा यांनी तिला चार पत्रं लिहून ठेवली, पाकिटं चिकटवली आणि वर आकडे घातले. दर महिन्याला एक टाकायचं, उघडायचं नाही. तारखेची जागा मोकळी नको म्हणून फेब्रुवारी ते मे, दर महिन्याची पाच तारीखसुद्धा स्वतःच घातली. दोन गेली.

काल तिचं पत्र आलं, येऊ का म्हणून विचारते आहे. मी ते यांना दाखवलं नाही. दाखवलं तर शपथ मोडून बोलावतील. सहा मेला तिची परीक्षा आहे, ताई. महिन्याभराचाच प्रश्न आहे. परीक्षा झाली की मीच फोन करून सगळं सांगेन. तोवर आज तिसरं पाकीट टाकते. आत काय आहे देव जाणे. माझं चुकत असेल तर कान धरा.

तुमच्या मायेच्या आधारावर उभी आहे.
उल्का

कोबे, ५ एप्रिल २०२४

चि. ओवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सध्या तुझ्या गावाचा इतिहास वाचतो आहे. हजार-बाराशे वर्षांचं बिशपांचं गाव, आणि एका दुपारी राख. चर्चच्या भिंतीवरचा तो प्रसिद्ध गुलाबही जळाला, पण मुळं ढिगाऱ्याखाली जिवंत राहिली आणि काही आठवड्यांत कोंब फुटले. वाचून बरं वाटलं.

तेव्हा एक सांगतो. सुट्टी मिळाली की इकडे धावू नकोस. मी वीस वर्षं कोबेत राहिलो, पण प्रत्येक सुट्टीला पुण्याला पळालो, म्हणून हे गाव मला कधी आपलं झालं नाही. तू तसं करू नकोस. तिथेच राहा, त्या माणसांच्यात मिसळ. आम्ही दोघं मजेत आहोत.

जेवणाची हेळसांड करू नये. आईचा आशीर्वाद यातच समजावा.
तुझा बाबा

हिल्डेसहाइम, १६ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बरं, नाही येत. खरं सांगू? राग आला. 'ये' हा एक शब्द मागितला, तर तुम्ही अख्खं गाव गळ्यात बांधलंत. पण तुम्ही म्हणताय ते पटलंही. आता परीक्षा ठरल्या दिवशी देते.

या वेळी माझं पत्र लाल शाई लावून परत आलं नाही. एकही चूक नव्हती की काय? कमाल झाली!

रागासकट तुमचीच,
ओवी

कोबे, २ जून २०२४

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

तू आलीस, इथल्या रिवाजाप्रमाणे बाबांच्या अस्थी चॉपस्टिक्सने उचलल्यास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलीस. फोन उचलत नाहीस. म्हणून लिहिते. पाकिटांचं तुला अनघाताईंनी सांगितलंच आहे. हे त्यांनाही माहीत नाही.

तुझं 'येऊ का' विचारणारं पत्र मी त्यांना शेवटच्या आठवड्यात वाचून दाखवलं. मनावरचं ओझं सहन होईना. ऐकून इतके हसले गं, किती दिवसांनी! मग पाटीवर लिहिलं, मी काय कळवलं? जानेवारीत स्वतः काय लिहिलं ते त्यांना आठवत नव्हतं. मी सांगितलं, ये म्हणून कळवलंत. मग रोज विचारायचे, कधी? मी म्हणायचे, गुरुवारी. परीक्षा एक दिवसावर आली होती, ओवी. डॉक्टर जून म्हणाले होते. पाच मेच्या पहाटे गेले. रविवार होता. तुला फोन केला तो परीक्षा झाल्यावरच.

शिव्या घाल, पण उन्हाळ्यात घरी ये. मला हे घर खायला उठतं.

माझ्यावर लोभ उरला असेल तेवढा असू दे.
आई

हिल्डेसहाइम, १४ जून २०२४

ती. सौ. आईस,

सौ. सवयीने लिहून गेले. खोडत नाही.

इथल्या चौकातल्या त्या इमारतीवर पाटी आहे. कधी जळली, कधी नवी बांधली, सगळं लिहिलंय. कुणी कुणाला फसवत नाही.

परीक्षेत पहिली आले. तुला हवं होतं ना, म्हणून कळवते.

उन्हाळ्यात मी येणार नाही. बाबांनी नको म्हटलंय.

ओवी