दादाच्या नावावर गेलेला माझा जॉब

मी, खाली सही करणारी, कारखान्यातल्या यंत्रदुरुस्तीच्या कामावरून निवृत्त झालेली अविवाहित बाई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण थोरला भाऊ, म्हणजे दादा, हरकत घेणारच.

स्वकष्टाने घेतलेले राहते घर माझ्या पश्चात दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला मिळावे. दादाला नाही. कारणही लिहिते, म्हणजे मागाहून कोणी माझ्या तोंडी भलते घालणार नाही.

फिटरच्या प्रशिक्षणाला आम्ही भावंडे एकाच वर्गात होतो. शेवटच्या परीक्षेत लोखंडी तुकडा कानशीने घासून खाचेत चपखल बसवायचा होता. त्या तुकड्याला आम्ही ‘जॉब’ म्हणायचो. माझा बसला, दादाचा डुगडुगत होता. मी पाणी प्यायला गेले, तेवढ्यात त्याने तुकडे बदलले आणि माझ्या जॉबवर स्वतःचा नंबर ठोकला. मी तक्रार केली. शिकवणारे सर म्हणाले, “घरचं भांडण घरी.” घरी बाबा म्हणाले, “नोकरी त्याला लागू दे. तुझं काय, लग्न होईल.”

मी नापास झाले. पुढच्या वर्षी पास झाले, पण बाबांनी कामावर जाऊ दिले नाही.

माझ्या जॉबवर पास होऊन कारखान्यात लागलेल्या दादाने एक दिवस चालू यंत्रात हात घातला. उजव्या हाताची बोटे गेली. कारखान्याने त्याच्या जागी घरातल्या कोणाला तरी घेतो म्हटले, तेव्हा बाबांना माझे शिक्षण आठवले. मला त्याच यंत्रापुढे उभे केले. माझ्या पगारावर घर चालले आणि दादा आल्यागेल्याला सांगत राहिला, “हिने माझी नोकरी खाल्ली.” बाबा ऐकून गप्प बसत. ते गप्पच गेले. त्यांना मी माफ केलेले नाही, हेही एक कलम समजावे.

शिल्लक रक्कम व सर्व हत्यारे भाचीच्या फिटरच्या प्रशिक्षणासाठी. “पोरींचं काम नाही ते,” असे दादा म्हणतो. ती सज्ञान आहे, त्याची परवानगी लागत नाही.

दादाने मागची खोली हयातभर वापरावी. भाचीला शिक्षण सोडायला लावले, तर त्याच दिवशी खोली सोडावी.

हे सारे मी त्याला वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, “पोरगी तुझ्यासारखी एकटी राहील.”

मी म्हटले, “राहू दे. स्वतःच्या घरात राहील.”

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच
सही : स्वहस्ते
साक्षीदार : समोरचा शिंपी आणि कारखान्यातली जुनी सोबतीण, जिला सगळे ‘फौजदार’ म्हणतात