थोरलीचा फर्मा

मी, बूटवाल्यांची थोरली मुलगी, वय चोवीस, धंदा बूट शिवणे, राहणार दुकानावरच्या खोलीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कोणी दडपण आणलेलं नाही, कोणी आमिष दाखवलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. हात स्थिर आहे, ते अक्षरावरून दिसेलच. पायांबद्दल मात्र मी या कागदात कुठलीही हमी देत नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला नाही तो त्याचमुळे. डॉक्टर आधी पायांकडे बघतील.

या वयात कसलं मृत्युपत्र करतेस, असं शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका म्हणाले. साक्षीदार म्हणून सही तेच करणार आहेत. काका, आधी सगळं वाचा, मग बोला.

कलम १. या कागदाची अंमलबजावणी आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिलाईवाल्या काकूंनी करावी. त्यांना न विचारता त्यांची नेमणूक केली आहे. विचारलं असतं तर आधी चहा, मग रडणं आणि मग नकार, हा क्रम ठरलेला. कागद त्यांच्याच ताब्यात राहील.

कलम २. बँकेत जी शिल्लक असेल ती बाबांची. दुकान त्यांच्याच नावावर आहे, त्याचा प्रश्न नाही. माझी हत्यारं, म्हणजे चामडं कापायची रापी, भोकं पाडायच्या दोन आऱ्या आणि लहान हातोडी, पलीकडच्या रस्त्यावर पिशव्या शिवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला द्यावीत. रापी रोज वापरणार असेल तरच. भिंतीवर शोभेला टांगायची असेल तर देऊ नका.

कलम ३. दुकानातला खालचा आरसा, ज्यात गिऱ्हाईक नवे बूट घालून पाय बघतं तो, माझ्या आत्याला द्यावा. कारण लिहिणं भाग आहे.

मला एक धाकटी बहीण होती. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. बाबा तिच्या डाव्या बुटाला जाड तळ लावत, पुढे ते काम माझ्याकडे आलं. एका जागी कधी बसली नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आत्या मला म्हणाली, "सुटली गं बिचारी. असल्या पायाने पुढे काय झालं असतं तिचं?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! सुटायला भिंगरी कुठे अडकलेली नव्हती. बाबा तिथेच बसले होते आणि त्यांनी ते ऐकलं, हे मी आत्याला मरेपर्यंत माफ करणार नाही, आणि मेल्यावरही करणार नाही, म्हणून इथे लिहिलं. त्या आरशात आत्याने रोज स्वतःचे पाय बघावेत. त्यात तोंड दिसत नाही, हीच त्याची खुबी आहे.

कलम ४. फर्म्यांबद्दल. ज्यांचे पाय चारचौघांसारखे नसतात, त्यांच्या पायाच्या मापाचा लाकडी पाय आम्ही घडवतो. त्याला फर्मा म्हणतात. त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. आमच्या दुकानात मागच्या भिंतीला छतापर्यंत फर्मेच आहेत. घरच्या माणसांचेही आहेत, बाबांचा, माझा, भिंगरीचा. आजोबांपासूनचा एक नियम आहे. माणूस गेलं की त्याचा फर्मा तसाच ठेवायचा नाही. तासून दुसऱ्याच्या मापाचा करायचा. "लाकडाला रिकामं बसवू नये," असं बाबा म्हणतात.

भिंगरीचा फर्मा मात्र बाबांनी तासला नाही. ती गेल्यापासून त्यांनी कामच सोडलं. त्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, पण काम तर ते पूर्वीही बोटांनीच करत. गिऱ्हाईक दारात आलं की पावलावरून ओळखत. तो माणूस दोन वर्षं खुर्चीत नुसता बसून होता. दुकान मी एकटीने ओढलं.

या फर्म्यांची वाटणी कलम ७ मध्ये आहे.

कलम ५. माझा आभासी जगाचा हेडसेट, घोट्याला बांधायचे दोन पट्टे आणि ती पाठ मोडलेली खुर्ची कोणालाही देऊ नये. मोडून टाकावं. विकून चार पैसे येतील असं कोणाच्या मनात आलं तर त्याने हे कलम दोनदा वाचावं.

हा सगळा सरंजाम भिंगरीचा. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, पट्टे बांधायचे आणि बसल्या बसल्या पाय हलवायचे, की तुम्ही आत चालू लागता. खेळ असा की सात वेशी ओलांडायच्या. मीठ पसरल्यासारखी पांढरी जमीन, आणि दूरवर एकामागून एक दगडी वेशी. आत शिरताना यंत्र विचारतं, तुमची चाल नीट करून देऊ का? सगळे हो म्हणतात. त्यामुळे आत सगळी माणसं एकाच ठेक्यात, एकसारखी चालतात. भिंगरी नाही म्हणाली. "माझी चाल मला पुरते," असं तिचं म्हणणं. त्या एवढ्या मोठ्या जगात लंगडणारी ती एकटी होती.

ती सहाव्या वेशीपर्यंत गेली होती. हॉस्पिटलात मला म्हणाली, "ताई, सातवी लांबून दिसते गं. बरी झाले की दोघी जाऊ." मी बरं म्हटलं होतं.

मागच्या वर्षी आमचा पार्सलवाला चामड्याची गुंडाळी द्यायला आला आणि दारातच म्हणाला, "अहो, तुमची बहीण काल भेटली आत. हाक मारली, पण थांबली नाही." तो आमच्या भागात नवीन होता, भिंगरीशी त्याची ओळख खेळातलीच; बूटवाल्यांची धाकटी, असं तिनेच त्याला सांगितलेलं. ती गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

मी खेळाच्या सेवा केंद्रात फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, बंद झालेल्या खात्यांच्या चाली आम्ही गर्दीतल्या आकृत्यांना देतो. वाया कशाला घालवायच्या?" मला तिचा राग आला नाही. आम्ही तरी दुसरं काय करतो? मी विचारलं, सातव्या वेशीपलीकडे काय आहे? ती म्हणाली, "सातवी? वेशी सहाच आहेत, मॅडम. सातवी अजून बांधलेली नाही."

तरी मी आत गेले. दुसऱ्या वेशीपाशी ती मला पाठमोरी दिसली. मी धावले की ती लांब जाई, थांबले की थांबे. पांढऱ्या जमिनीवर तिची पावलं उमटत होती. मी वाकून पाहिलं. तळाचे खिळे कसे ठोकलेत, यावरून मी माझं काम झोपेतही ओळखीन. ते ठसे मी शिवलेल्या शेवटच्या जोडाचे होते. तो जोड ती आजारी असताना तयार झाला आणि खोक्यातच राहिला. तिने तो कधी पायात घातला नाही.

हेडसेट काढून मी खोकं उघडलं. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने घासलेली होती.

चष्मेवाले काका म्हणतात, तूच घालत असशील तंद्रीत. काका, माझा पाय त्या बुटात जात नव्हता. तेव्हा जात नव्हता.

कलम ६. माझ्या शरीराबद्दल. ते कोणी तपासू नये, मोजू तर मुळीच नये. मी मोजलेलं आहे.

सरळ चालून ती हाती लागत नाही, हे तिसऱ्या वेशीपर्यंत मला कळून चुकलं होतं. मग मी तिच्या पावलात पाऊल टाकून, तिच्यासारखी लंगडत चालू लागले. तशी ती हळू झाली. चौथ्या वेशीपाशी तिची वेणी दिसू लागली. पाचवीपाशी तिचं गुणगुणणं ऐकू आलं. एकेका वेशीला महिना महिना लागला, आणि दरम्यान माझ्या रोजच्या बुटाची डावी टाच बाहेरून झिजायला लागली. एक दिवस मी टेप लावला. डावा पाय आखूड भरला. किती ते लिहीत नाही. तिचा होता तेवढाच.

त्याच सुमारास मी जिन्यावरून दुकानात उतरत होते. बाबा खुर्चीतून म्हणाले, "भिंगरी, आलीस?" मी म्हटलं, "बाबा, मी थोरली." ते "हो, हो" म्हणाले. आणि उठले. दोन वर्षांनी तो माणूस उठला, बाकड्यापाशी गेला आणि हातोडी चाचपू लागला. त्या दिवसापासून बाबा काम करतात. जेवताना दुसरी पोळी मागून घेतात. चष्मेवाल्या काकांची नक्कल करतात. मी बोलते तेव्हा ऐकतातही, पण आवाजापेक्षा त्यांचा भरवसा पावलावर. मी आता दुरुस्त करत नाही. दुरुस्त केलं की त्यांचा हात थांबतो.

गेल्या रविवारी मी सातव्या वेशीपाशी पोचले. ती तिथे आहे, कंपनी काहीही म्हणो. भिंगरी कमानीखाली माझ्याकडे तोंड करून उभी होती.

"किती हळू चालतेस गं ताई," ती म्हणाली. "पण जमलं की तुला."

मग तीच म्हणाली, "बाबा काय करतात?"

"काम करायला लागलेत परत. तुझी चाल ऐकतात ना."

तिने वेणी पुढे ओढून घेतली. मग लहानपणी माझ्या पांघरुणात शिरायच्या आधी विचारायची, तसं हळूच तिने विचारलं, "मग मी येऊ?"

कमान अरुंद आहे. एका वेळी एकच माणूस जाईल, एवढीच. ती बाहेर आली तर मी आत राहणार. मी हेडसेट काढला आणि कितीतरी वेळ दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले. कोणी म्हणेल, ही नुसती आकृती, गर्दीला दिलेली जुनी चाल. असेल. पण तिला मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही.

कलम ७. सोमवारी मी खाली उतरले तर बाबा बाकड्यावर लाकूड तासत होते. जमिनीवर ढलप्यांचा ढीग पडला होता. मी विचारलं, "बाबा, कोणाचा फर्मा?"

"भिंगरीचा करतोय. तिचा जुना झाला, तडा गेलाय त्याला."

"अहो, पण हे लाकूड कोणाचं?"

त्यांनी अंगठा फिरवून टाच पाहिली. म्हणाले, "होता एक. रिकामाच पडला होता."

मी फळीवर पाहिलं. बाबांचा फर्मा जागेवर होता. भिंगरीचाही होता. मधली जागा मोकळी होती. ढलप्यांतल्या एकीवर माझं माप लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

म्हणून हे मृत्युपत्र. फर्म्यांची वाटणी करणार होते, पण माझ्या मालकीचा एकच होता आणि तो आता माझा राहिलेला नाही. तो बाबांनी वापरावा. काम छान झालंय, हे मात्र लिहून ठेवते. हात अजून गेलेला नाही त्यांचा.

कलम ८. उद्या मी आत जाणार आहे. न जाणं माझ्याने होत नाही, करून पाहिलं. तिला काय उत्तर देईन ते मला आज ठाऊक नाही. मला जगायचं आहे, हे स्पष्ट लिहिते, नंतर कोणी थोरपणाच्या गोष्टी जोडू नयेत. मला माझं दुकान आवडतं, चामड्याचा वास आवडतो, आणि या थोरल्या मुलीचंही कधीतरी कोणीतरी काहीतरी करावं असं वाटतं.

खुर्चीवरून मी मीच राहून उठले, तर काकूंनी हा कागद फाडावा आणि कोणापाशी बोलू नये. कोणीच उठलं नाही, तर वरची कलमं लागू.

आणि जर कोणी उठली, आणि जिन्यावरून उतरली, आणि बाबांनी तिला भिंगरी म्हटलं, तर म्हणू द्यावं. तिला दुखवू नये. तिच्याशी चांगलं वागावं, ती माझी बहीण आहे. पण पुढे कधी, एकदा जरी, बाबांनी काम थांबवून विचारलं, "थोरली कुठे आहे?" तर काकूंनी त्याच क्षणी हा कागद त्यांना वाचून दाखवावा, पहिल्या ओळीपासून. नाही विचारलं, तर वाचू नये. जिची आठवण कोणी काढत नाही तिची मिळकत वाटायचं कारण नाही.

लिहून देणार : थोरली (सही)

साक्षीदार : १. चष्मेवाले (सही. "वाचलं. बोलण्यासारखं काही नाही.")
२. पार्सलवाला (सही)

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : ७ मार्च, शनिवार

(कागदाच्या पाठीमागे, शिलाईवाल्या काकूंच्या हातचं.)

३० एप्रिल. कागद फाडलेला नाही. मी रोज काही ना काही शिवायला घेऊन दुकानात बसते आणि कान देते. भाऊजी, म्हणजे तुझे बाबा, खुशीत काम करतात. ती त्यांच्याजवळ बसून दोरा ओवून देते, गुणगुणते. भाऊजींनी अजून विचारलेलं नाही.

आज तिने विचारलं. मला जिन्यात गाठून म्हणाली, "काकू, मी आल्यापासून बघते आहे, ताई कुठे दिसत नाही. कुठे गेली ती?" भाऊजींनी विचारलं तर काय करायचं ते तू लिहिलंस, बाई. हिने विचारलं तर काय करायचं, ते लिहिलेलं नाहीस.